महिन्याभराचे मास्तर

भारत सरकारच्या पर्यटक व्हिसाच्या नियमांत एक लहानशी तरतूद आहे. ई-पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला स्थलदर्शन करता येते, आप्तेष्टांना भेटता येते, योगाभ्यासाच्या अल्पमुदतीच्या वर्गाला बसता येते. आणि त्याच यादीत, जास्तीत जास्त एक महिना, कसलाही मोबदला न घेता, स्वयंसेवेचे कामही करता येते. येणाऱ्या सद्भावनेची अडवणूक होऊ नये, एवढाच नियम करणाऱ्यांचा हेतू असावा. तथापि या स्वयंसेवेचे प्रत्यक्ष रूप काय असते आणि तिचा भार अखेरीस कोणावर पडतो, याचा विचार व्हिसाच्या कचेरीत होत नाही. तो शाळेच्या कचेरीत व्हावा लागतो.

युरोप-अमेरिकेतील तरुणांना काही आठवड्यांसाठी आशिया-आफ्रिकेतील खेड्यांत पाठविणे हा आता एक मोठा व्यवसाय झाला आहे. जाणारा तरुण प्रवासाचा खर्च स्वतः करतो, राहण्याजेवण्याचे व व्यवस्थेचे शुल्क मध्यस्थ संस्थेकडे भरतो, आणि एखाद्या गावच्या शाळेत बहुधा इंग्रजी शिकवतो. इंग्रजीच का, याचे उत्तर सोपे आहे. विहीर बांधायची तर गवंड्याचा हात लागतो, सुई टोचायची तर परिचारिकेचे शिक्षण लागते. इंग्रजी मात्र त्याला पाळण्यापासून येते. जे येते ते शिकवताही येईल, असा त्याचा आणि त्याला बोलावणाऱ्याचा समज असतो. सगळ्या प्रश्नाचे मूळ या समजुतीत आहे.

बुलढाणा जिल्ह्याला परदेशी पाहुणा आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. लोणारचे सरोवर पाहावयास जगभरचे अभ्यासक व प्रवासी येतात. २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला आहे आणि २०२५ च्या जूनमध्ये तो मुंबईपर्यंत पुरा खुला झाला. उद्या एखादी संस्था चार गोरे तरुण घेऊन डोणगावच्या, जानेफळच्या किंवा देऊळगाव माळीच्या शाळेच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘हे महिनाभर तुमच्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवतील,’ तर मुख्याध्यापकांनी काय म्हणावे? पालक आनंदतील, सरपंच हार आणतील, वर्तमानपत्रात छायाचित्र येईल. अशा वेळी नकार देणे अवघड आणि होकार देणे सोपे असते. म्हणूनच प्रश्न दारात येण्यापूर्वी त्याचा विचार झालेला बरा.

पंचवीस वर्षांचा हिशेब

महाराष्ट्रात पूर्वी पाचवीपासून सुरू होणारे इंग्रजी २००० साली पहिलीपासून सुरू झाले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयावर वाद झाला. पण त्यामागची भूमिका समजण्यासारखी होती. पैसेवाल्यांची मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात, मग शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबावे, हा प्रश्न न्यायाचा होता. मराठी शाळेत इंग्रजी लवकर आणले की पालक इंग्रजी माध्यमाकडे धावणार नाहीत, अशी आशाही होती. आज तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि सकाळी खेड्याखेड्यांतून मुले गोळा करीत फिरणाऱ्या त्यांच्या पिवळ्या गाड्या पाहिल्या, की त्या आशेचे काय झाले हे निराळे सांगावे लागत नाही.

मुलांच्या पदरात काय पडले? ग्रामीण भारतातील शिक्षणस्थितीची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालाने देशभरचे चित्र दिले आहे. पाचवीतील ज्या मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता येतात, त्यांचे प्रमाण २०१६ मध्ये २४.७ टक्के होते, ते २०२२ मध्ये २४.५ टक्के आढळले. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ टक्क्यांवर गेले. म्हणजे सहा वर्षांत प्रगती जवळजवळ शून्य. आणि आठ वर्षे शाळेत काढून निम्म्याहून अधिक मुलांना साधे वाक्य वाचता येत नाही. हे आकडे एकट्या महाराष्ट्राचे नाहीत. पण आपल्या वर्गांची ज्यांना माहिती आहे त्यांना ते परके वाटणार नाहीत.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. अखेर २९ जूनला सरकारने त्याविषयीचे आदेश मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या गदारोळात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही: पहिलीपासूनच्या इंग्रजीला पंचवीस वर्षे झाली, तिचे फळ काय? दुसरी भाषाच जिथे नीट रुजली नाही, तिथे तिसरीविषयी भांडताना या जुन्या खात्याचा हिशेब मांडायला हवा होता.

मेहकरच्या परिसरात तर हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. येथील मूल घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलते. तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. गावात उर्दू बोलणारी घरेही आहेत. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी हीच यांतील अनेकांना शिकावी लागणारी पहिली नवी भाषा असते. तिच्यावर पुरता हात बसण्यापूर्वी इंग्रजीची अक्षरे समोर येतात. शिक्षक इंग्रजीचा धडा मराठीत समजावून देतो, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितो, मुले ती उतरवून घेतात आणि परीक्षेत ओततात. ‘मे आय कम इन, सर?’ या वाक्याचा उच्चार बिनचूक येतो; पण त्या वाक्यातील एक शब्द बदलून दुसरे वाक्य करता येत नाही. यात शिक्षकाचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. तो स्वतः याच रीतीने शिकला आहे, आणि त्याला इंग्रजी बोलण्याची संधी वर्गाबाहेर कुठेच नाही.

या स्थितीत परदेशी तरुण नेमके काय देऊ शकेल? उच्चार देईल, धिटाई देईल, चार गाणी व खेळ शिकवील. हे सगळे मोलाचे आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण मूल कुठे अडते हे त्याला कळणार नाही. मराठी मूल ‘आहे’ वाक्याच्या शेवटी ठेवते आणि इंग्रजी क्रियापद मध्ये बसवताना गोंधळते, हे ज्याला मराठी येते त्यालाच दिसते. ‘दिसते ते वाचावे’ हा देवनागरीचा धर्म. इंग्रजीत दिसते एक आणि वाचायचे दुसरे. ती अडचण देवनागरीतून आलेल्यालाच उमगते. पाळण्यातून भाषा आलेल्या माणसाला तिच्या पायऱ्या आठवत नाहीत, कारण त्या तो कधी जाणीवपूर्वक चढलेलाच नसतो.

चंपारण्याचा दाखला

परक्या मुलखात, परक्या भाषेच्या मुलांना शिकवण्यासाठी स्वयंसेवक म्हणून जाण्याचा अनुभव मराठी माणसालाही आहे, आणि तो पुरेसा बोलका आहे. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदवीत होते. त्या कामात त्यांना दिसून आले की खेड्यांत शिक्षण व स्वच्छता आल्याखेरीज कायमचे काही साधणार नाही. त्यांनी स्वयंसेवकांना हाक दिली. मुंबईहून बबन गोखले आणि त्यांच्या पत्नी अवंतिकाबाई गेल्या. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावहून वकील बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक कातगडे गेले. भारत सेवक समाजाचे डॉ. देव गेले. १९१७ च्या नोव्हेंबरात बडहरवा आणि भितिहरवा येथे व १९१८ च्या जानेवारीत मधुबन येथे अशा तीन शाळा उघडल्या.

तेथील मुलांची भाषा भोजपुरी, आणि शिकवणारे मराठी. आम्ही हिंदी कशी शिकवावी, ही शंका जाणाऱ्या स्त्रियांनीच काढली होती. व्याकरणापेक्षा स्वच्छतेचे व चांगल्या वागणुकीचे शिक्षण अधिक महत्त्वाचे, असे उत्तर गांधीजींनी दिल्याचे त्यांच्या आत्मचरित्रात नमूद आहे. शिवाय त्यांनी दोन अटी पाळल्या. एक, शिक्षकांच्या राहण्याची व जेवणाची सोय गावाने करावी. म्हणजे शाळा गावाची राहील. दुसरी, मिळेल त्या मास्तरावर मुले सोपवायची नाहीत. भितिहरव्याची झोपडीवजा शाळा कोणीतरी जाळली, तेव्हा सोमण आणि डॉ. देव यांनी स्वतः खपून पक्की इमारत उभी केली. त्यागाची, चारित्र्याची, कर्तृत्वाची उणीव या मंडळींत मुळीच नव्हती.

असे असूनही त्या कामाचे पुढे काय झाले? ते काम आणखी काही वर्षे चालवावे, अशी गांधीजींची इच्छा होती. पण स्वयंसेवक ठरावीक मुदतीसाठी आलेले होते, बाहेरून नवे मिळाले नाहीत, आणि बिहारमधून कायमचे बिनपगारी कार्यकर्ते उभे राहिले नाहीत. ही कारणे गांधीजींनी स्वतःच नोंदवून ठेवली आहेत. खेड्यातील शाळा पाहुण्यांच्या खांद्यावर उभी राहत नाही, हा धडा गांधीजींसारख्या संघटकाच्या हाताखालीही चुकला नाही. तेव्हा चार आठवड्यांचे शुल्क भरून आलेल्या तरुणाकडून आपण किती अपेक्षा बाळगावी?

दोन वर्षांचे पाहुणे

स्वातंत्र्यानंतर परदेशी स्वयंसेवकांचा मोठा ओघ आला तो अमेरिकेच्या ‘पीस कोअर’मधून. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये ही योजना सुरू केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली तुकडी भारतात, पंजाबात दाखल झाली. शेती, कुक्कुटपालन, आरोग्य, कुटुंबनियोजन, शिक्षण अशा कामांसाठी १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक या देशात येऊन गेले. पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी सेवा केली.

या योजनेतील राजकारण उघड होते आणि त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु तिच्यातील दोन गोष्टी आजच्या महिनाभराच्या सेवेशी ताडून पाहण्याजोग्या आहेत. स्वयंसेवकाला येण्यापूर्वी स्थानिक भाषेचे शिक्षण घ्यावे लागे. आणि त्याची मुदत दोन वर्षांची असे. ज्या देशाला आपण गर्विष्ठ म्हणत होतो, त्यालाही एवढी तयारी आवश्यक वाटत होती.

तेवढीही तयारी पुरेशी नाही असे मानणारे होतेच. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच यांनी जे भाषण केले, ते त्यांच्या तोंडावर दार लावणारे होते. तुम्ही जरूर या. पण पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. इलिच यांचा कडवेपणा सगळ्यांना पटणार नाही; पण ज्याला गावची भाषा येत नाही त्याला आपले काम चुकते आहे हे सांगायलासुद्धा गावाजवळ साधन नसते, हा त्यांचा मुद्दा कोणालाही खोडता येणार नाही.

जपानसारख्या संपन्न देशाने हा प्रश्न कसा हाताळला तेही पाहण्यासारखे आहे. १९८७ पासून तो देश इंग्रजी बोलणारे परदेशी तरुण आपल्या सरकारी शाळांत आणतो. ते स्वयंसेवक नसतात. त्यांना पगार मिळतो, एका वर्षाचा करार असतो, आणि त्यांची जागा साहाय्यकाची असते. वर्ग जपानी शिक्षकाचा, परदेशी तरुण त्याच्या जोडीला. आपल्या शिक्षकाला बाजूला सारून पाहुण्याला वर्ग देण्याची कल्पना त्या देशाने केली नाही.

जे राहिले त्यांची गोष्ट

याचा अर्थ परदेशी माणसाने आपल्या शाळांसाठी काही केलेच नाही, असा मुळीच नव्हे. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातील काही ठळक नावे परदेशी आहेत. सिंथिया फरार ही अमेरिकन अविवाहित स्त्री १८२७ मध्ये मुंबईस आली. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा तिने सांभाळल्या. १८३९ नंतर ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिली, आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मिशनचा धर्मप्रसाराचा हेतू मान्य करूनही एवढे म्हणावे लागते, की तिने पस्तीस वर्षे दिली आणि मराठी आत्मसात केली.

अधिक जवळचे आणि आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे उदाहरण फलटणचे आहे. मॅक्सिन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेहून भारतात आल्या त्या इंग्रजी शिकवण्यासाठीच. हैदराबादच्या मराठी मंडळींनी उभ्या केलेल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या महाविद्यालयात त्या इंग्रजीच्या अध्यापिका होत्या. तेथे त्यांचा मराठीशी संबंध आला. १९६६ मध्ये त्या फलटणला आल्या. तेथील मराठीतील सामाजिक भेदांवर त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. गावातील दलित वस्तीतील मुले शाळेत टिकत नाहीत, टिकली तरी वाचायला शिकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. या मुलांना शिकवण्याच्या कामातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन होत्या, हा योगायोग लक्षणीय आहे.

या गोष्टीचे मर्म असे, की इंग्रजीची शिक्षिका म्हणून आलेल्या या बाईंनी जी शाळा काढली ती मराठी माध्यमाची. मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याची जी ‘प्रगत वाचन पद्धती’ त्यांनी बसवली ती मराठी वाचनाची. इंग्रजी ज्यांना जन्मतः येत होते, त्यांना गावात राहिल्यावर कळले की मुलांची पहिली गरज आपल्या भाषेतील वाचनाची आहे. तो पाया झाला की इंग्रजीही येते. हे कळायला महिना पुरत नाही. महिनाभर राहणाऱ्याला मुलांना इंग्रजी येत नाही एवढेच दिसते. वर्षानुवर्षे राहणाऱ्याला ते का येत नाही ते दिसते.

फुकटची किंमत

‘काही नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कोऱ्या डोळ्यांनी पाहणारे मूल एखाद्या गोऱ्या ताईशी इंग्रजीत चार शब्द बोलते, तिला हसवते, आणि ही भाषा परीक्षेखेरीज माणसांशी बोलायलाही असते असे त्याला प्रथमच वाटते. हा लाभ लहान नाही. पण महिना संपतो, ताई जाते. नंतर दुसरा येतो, तो पुन्हा तीच गाणी आणि तेच रंगांचे नि प्राण्यांचे शब्द शिकवतो, कारण आधी काय झाले याची नोंद कोणी ठेवलेली नसते. मुलांना दरवेळी नव्याने जीव लावावा लागतो आणि दरवेळी निरोप द्यावा लागतो. मधल्या काळात वर्गाचा मूळ शिक्षक एका कोपऱ्यात बसतो आणि मुलांच्या डोळ्यांत थोडा खाली उतरतो. पाहुणा गेल्यावर त्याच शिक्षकाला त्याच मुलांपुढे वर्षभर उभे राहायचे असते.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती पोटाची आहे. महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला आरंभीची तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यावर प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना सोळा हजार रुपये झाले; त्यापूर्वी ते सहा हजार होते. ज्याला आपण ‘सेवक’ म्हणतो तो पदविकाधारक तरुण सहा हजारांत घर चालवीत होता, आणि ज्याला ‘स्वयंसेवक’ म्हणतो त्याच्या एका विमानप्रवासाचे भाडे त्याच्या अनेक महिन्यांच्या मानधनाएवढे असते. डी.एड., बी.एड. झालेले, इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. झालेले कितीतरी तरुण-तरुणी भरतीची वाट पाहत, शिकवण्या घेत, शेतीत राबत दिवस काढीत आहेत. त्यांना वऱ्हाडी येते, मुलांची घरे ठाऊक आहेत, आणि त्यांना येथेच राहायचे आहे. फुकटचा परदेशी मास्तर दारात आला म्हणजे या मुलांच्या नेमणुकीची निकड शासनाला आणि संस्थाचालकांना तेवढीच कमी वाटू लागते. गरीब देशाच्या शाळेला फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी देतच असते. येथे ती शेजारच्या गल्लीतील बेकार पदवीधर देतो.

पंगत आणि पाटी

सेवेची परंपरा मेहकर तालुक्याला बाहेरून शिकावी लागत नाही. याच तालुक्यात हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. लाखो माणसांना पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद मिळतो. पंगतींतून तो वाढण्यासाठी ट्रॅक्टर फिरतात आणि गावोगावचे हजारो स्वयंसेवक राबतात. एवढ्या मोठ्या मेळ्यात शिस्तीने पोटभर जेवण घालणे ही थोर सेवा आहे, आणि ती तीन दिवसांत पुरी होऊ शकते. पण त्याच आश्रमाने शाळा व महाविद्यालये चालवली आहेत. त्यांचे काम उत्सवाच्या तीन दिवसांवर चालत नाही, वर्षाच्या बाराही महिने चालते. भुकेल्याला वाढलेले ताट त्या दिवसापुरते पुरे असते. पाटीवर गिरवलेले अक्षर मात्र उद्या, परवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा गिरवून घ्यावे लागते. सेवेचे हे दोन प्रकार आपल्या लोकांना अनुभवाने ठाऊक आहेत. परदेशी पाहुण्यापुढे मात्र आपण ते विसरतो, कारण पाहुण्याला नाही म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही.

नाही म्हणण्याची गरजही नाही. अटी घालण्याची आहे. डोणगावच्या किंवा जानेफळच्या मुख्याध्यापकांनी अशा संस्थेला पाच गोष्टी विचाराव्यात. येणारा निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष राहणार आहे का, आणि त्यासाठी लागणारा योग्य व्हिसा त्याच्याजवळ आहे का? तो कामचलाऊ मराठी शिकून येणार आहे का? तो शिक्षकाच्या जागी न बसता त्याच्या जोडीला वर्गात उभा राहील का? त्याच्या चारित्र्याची कागदोपत्री खातरजमा झाली आहे का, आणि तो कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही हे लेखी मान्य आहे का? आणि पाचवी गोष्ट: तो गेल्यावर शिक्षकाच्या हाती काय उरणार आहे? चौथी अट घालताना संकोच करण्याचे कारण नाही. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा गावच्या माणसाला जसा लागू आहे तसाच पाहुण्यालाही आहे.

आणि ज्याच्याजवळ एकच महिना आहे, त्याला काय सांगावे? त्याने तो महिना मुलांना न देता शिक्षकांना द्यावा. तालुक्यातील वीस-पंचवीस शिक्षक दुपारनंतर एकत्र बसावेत आणि पाहुण्याशी इंग्रजीत बोलावेत. शेतीवर, पावसावर, सोयाबीनच्या भावावर, त्याच्या गावच्या शाळेवर. आपल्या शिक्षकाला जी गोष्ट मिळत नाही ती, म्हणजे निर्भयपणे चुकत बोलण्याची संधी, त्याला मिळेल; आणि ती पुढे वीस वर्षे मुलांपर्यंत पोचत राहील. हा विचार हवेतला नाही. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून राबवलेल्या ‘तेजस’ उपक्रमात शिक्षकांनी ठरावीक काळाने आपल्या परिसरातच गटाने जमून इंग्रजी अध्यापनाचा सराव करावा, हीच दिशा होती. परक्याची मदत शिक्षकामार्फत मुलांपर्यंत नेण्याचा तो मार्ग अशा गटांपुरता का असेना, तालुक्याने स्वतःहून चालू ठेवावा.

याच संदर्भात परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांकडेही पाहावे. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी मराठी शाळा काढल्या आहेत. सुटीच्या दिवशी, एकही पैसा न घेता, तेथील आई-वडील आपल्या आणि दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवतात, आणि हे काम वर्षानुवर्षे नेटाने चालते. ते टिकले, कारण शिकवणारा तेथेच राहतो आणि मुले त्याची आहेत. यांतील ज्यांची मुळे विदर्भात आहेत अशांनी मेहकरच्या एखाद्या शिक्षकाशी आठवड्यातून एक तास दूरध्वनीच्या पडद्यावर इंग्रजीत बोलण्याचे व्रत घेतले आणि ते पाच वर्षे पाळले, तर विमानाचे तिकीट काढून केलेल्या कितीतरी सेवेपेक्षा ते अधिक फळेल. त्यांना वऱ्हाडीही येते आणि इंग्रजीही. मूल कुठे अडेल हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे.

अखेरीस हा प्रश्न परदेशी तरुणांचा नाहीच. ते चांगल्या भावनेने येतात, आणि पुष्कळदा देण्यापेक्षा अधिक घेऊन जातात. प्रश्न आपला आहे. इंग्रजी ही आपल्या मुलांना हवी असलेली विद्या आहे, असे २००० साली आपण ठरवले. ठरवले तर ती शिकवणारा शिक्षक घडवणे, त्याला पुरेसा पगार देणे, त्याच्या रिकाम्या जागा भरणे आणि त्याला वर्गात टिकवणे ही जबाबदारी आपोआप आपल्यावर आली. ती आपण पंचवीस वर्षे टाळली आणि आता बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या हातात खडू देऊन मोकळे होऊ पाहतो. पाहुण्याला भाकरी द्यावी, लोणार दाखवावे, मेहकरच्या बालाजीचे देऊळ दाखवावे, त्याच्याशी मनमोकळे बोलावे. वर्ग मात्र ज्याला उद्याही तेथेच यायचे आहे त्याच्याच स्वाधीन असावा, आणि त्याला तो समर्थपणे चालवता येईल अशी तजवीज करण्यासाठी शासनाच्या मागे लागावे.